छंद आभाळातला, पाय जमिनीवरचे!

मैत्रिणींनो, छंद म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? भरतकाम, विणकाम, रांगोळी, फार तर कुंड्यांमधली बाग. मुलांचे छंद म्हणजे पोस्टाची तिकिटं नाहीतर जुनी नाणी. पण डोक्यावरून जाणारी विमानं बघायची, ती कुठल्या जातीची ते ओळखायचं, त्यांचे नंबर वहीत टिपायचे आणि जमलं तर फोटो काढायचे, हासुद्धा एक छंद आहे बरं का! इंग्रजीत त्याला ‘प्लेन स्पॉटिंग’ म्हणतात आणि करणाऱ्याला ‘स्पॉटर’. परदेशात या छंदाचे क्लब आहेत, मासिकं आहेत. आपल्याकडेही मुंबई, दिल्ली, बंगळुरूकडची तरुण मंडळी गळ्यात कॅमेरे अडकवून विमानांची वाट बघत उभी असतात.

या छंदाची आणि माझी ओळख झाली ती आमच्या बचत गटातल्या एका ताईंमुळे. त्यांची मुलगी नववीत. अभ्यासात बरी, स्वभावाने अबोल. रोज संध्याकाळी ती वही घेऊन गच्चीवर जायची. आईला वाटायचं, पाठांतर करते आहे. पण वहीत तारीख, वेळ, विमानाची दिशा, इंजिनं किती, शेपटीचा रंग कुठला, असं सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं! मे महिन्याच्या सुटीत ती आजोळी गेली. तिथे मामाच्या मोबाईलवर तिने एका लष्करी कुंपणाजवळून विमानाचा फोटो काढला. पहारेकऱ्याने हटकलं, नाव-गाव विचारलं, फोटो पुसायला लावला आणि समज देऊन सोडलं. झालं तेवढंच. पण घरी आल्यावर ताईंनी वही कपाटात टाकून कुलूप लावलं.

“ताई, मुलीची जात. उद्या पोलिसांत नाव गेलं तर लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील? तुम्हीच समजवा तिला,” असं म्हणत त्या माझ्याकडे आल्या. मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली. मी तिला वही आणायला सांगितली, आणि खरं सांगते, ती चाळता चाळता तासभर कसा गेला ते कळलंच नाही.

वहीत असतं तरी काय?

आपल्याला सगळी विमानं सारखीच दिसतात. पण गहू आणि बाजरीचं पीठ आपण हात न लावता ओळखतो की नाही? तसंच हे. पंख विमानाच्या अंगावरून, म्हणजे खिडक्यांच्या वरून निघालेले आणि पुढे फिरणारे पंखे दिसले, तर ते बहुधा एटीआर. लहान शहरांना जोडणारं विमान. एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७ ही दोन्ही साधारण सारख्याच आकाराची. पण बोइंगचं नाक जरा टोकदार, शेपटीच्या पायथ्याशी एक तिरका कोन आणि इंजिनाचा गोल खालून किंचित चपटा. एअरबसचं नाक गोलसर. चार इंजिनं आणि खिडक्यांच्या दोन मजली रांगा दिसल्या की तो ए-३८०.

शिवाय प्रत्येक विमानाला आपल्या गाडीसारखाच नोंदणी क्रमांक असतो, मागच्या बाजूला रंगवलेला. भारतीय विमानाची सुरुवात ‘व्हीटी’ या अक्षरांनी होते, अमेरिकेचं ‘एन’ने, ब्रिटनचं ‘जी’ने, जर्मनीचं ‘डी’ने. स्पॉटर मंडळी हा क्रमांक टिपतात. त्यावरून ते विमान कधी बनलं, आधी कुठल्या कंपनीकडे होतं, सगळी कुंडली काढता येते!

आणि आपण लहानपणी ‘रॉकेट गेलं, रॉकेट गेलं’ म्हणून ओरडायचो ती आभाळातली पांढरी रेघ? ती धुराची नसते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हवा कमालीची थंड असते. इंजिनातून निघणारी वाफ तिथे गोठते आणि बर्फाच्या बारीक कणांची रेघ तयार होते. वरची हवा कोरडी असेल तर रेघ लगेच विरते, दमट असेल तर बराच वेळ टिकते आणि पसरते. ही माहिती मला त्या नववीतल्या मुलीने दिली. सांगताना तिची मान वर होती.

छंद जुना, उपयोगही जुना

हा रिकामटेकडा उद्योग आहे, असं वाटत असेल तर थोडा इतिहास बघू या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनवर जर्मन विमानं चालून यायची. तेव्हाची रडार यंत्रणा समुद्राकडे तोंड करून होती. विमान किनारा ओलांडून आत आलं की पुढची भिस्त माणसांच्या डोळ्यांवर आणि कानांवर. त्यासाठी ‘ऑब्झर्व्हर कोअर’ नावाची स्वयंसेवकांची संघटना होती. दुकानदार, शेतकरी, शिक्षक अशी साधी माणसं पाळीपाळीने उभी राहून विमान आपलं की शत्रूचं, किती उंचीवर, कुठल्या दिशेला, हे फोनवर कळवायची. १९४१ मध्ये या संघटनेला ‘रॉयल’ किताब मिळाला आणि त्याच वर्षी तिची दारं बायकांसाठीही उघडली. विमानं ओळखायला शिकवणारं एक नियतकालिकही त्याच वर्षी सुरू झालं. शाळकरी मुलं ते आवडीने वाचत. युद्ध संपलं, पण सवय राहिली. तीच पुढे छंद झाली.

आज विमानं मोबाईलवर नकाशात दिसतात. ‘फ्लाइटरडार२४’ ही सेवासुद्धा २००६ मध्ये दोन स्वीडिश हौशी मंडळींनीच सुरू केली. विमान आपली जागा, उंची आणि वेग रेडिओ संदेशाने सतत सांगत असतं. तो संदेश पकडणारी छोटी यंत्रं जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापल्या घरांवर बसवली आहेत.

एका फोटोची साक्ष

जानेवारी २००४ मधली गोष्ट. स्पेनच्या मायोर्का बेटावर पाल्मा विमानतळ आहे. तिथे एका हौशी स्पॉटरने एका बोइंग ७३७ चा फोटो काढला. विमानावर अमेरिकेचा क्रमांक होता. नेहमीसारखा एक फोटो, इतकंच. पुढे उघड झालं की हे विमान अमेरिकेच्या गुप्तचर खात्याच्या कामाचं होतं. खालेद अल-मसरी नावाच्या एका जर्मन नागरिकाला मॅसेडोनियात पकडून, २३ दिवस हॉटेलात कोंडून, याच विमानाने २३ जानेवारी २००४ ला अफगाणिस्तानात नेण्यात आलं होतं. त्याच्यावर ना खटला, ना आरोप. काही महिन्यांनी त्याला सोडून दिलं. त्याच्या सांगण्यावर सुरुवातीला फारसं कोणी विश्वास ठेवेना. पण विमानांच्या नोंदी होत्या, हौशी लोकांनी काढलेले फोटो होते. पत्रकारांनी ते धागे जुळवले. अखेर १३ डिसेंबर २०१२ ला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

मी गेली काही वर्षं कौटुंबिक तंट्यांच्या कामात मदत करते. ‘लिहून ठेव, तारीख टाक’ हे वाक्य मी किती जणींना सांगितलं असेल! तारीख-वेळ घालून प्रामाणिकपणे केलेली नोंद कधी कोणाच्या कामी येईल, सांगता येत नाही.

नाण्याची दुसरी बाजू

पण त्या ताईंची भीती काही खोटी नव्हती. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथल्या हवाई तळावर १४ स्पॉटरच्या गटाला अटक झाली. १२ ब्रिटिश, २ डच. आरोप हेरगिरीचा! कारण काय, तर लष्करी विमानांचे क्रमांक टिपलेल्या वह्या. असा काही छंद असतो, यावर तिथल्या अधिकाऱ्यांचा विश्वासच बसेना. या गटात एक बाई होती, केवळ नवऱ्याला सोबत म्हणून आलेली. तिला विमानांत काडीचा रस नव्हता, तरी तीही तुरुंगात! पाच आठवड्यांहून जास्त काळ तुरुंगात काढल्यावर त्यांना जामीन मिळाला. एप्रिल २००२ मध्ये आठ जणांना तीन वर्षांची आणि सहा जणांना एक वर्षाची स्थगित शिक्षा झाली. नोव्हेंबर २००२ मध्ये वरच्या न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. पण वर्षभराचा मनस्ताप कोण भरून देणार?

आपल्याकडचे कायदेही कडक आहेत. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा आहे आणि लष्करी तळ ही त्यातली प्रतिबंधित जागा. विमानतळावर फोटो काढण्याला १९३७ च्या नियमांपासून निर्बंध आहेत. आपल्या पुण्याचा लोहगाव विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ. नाशिकजवळच्या ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा सरकारी कारखाना आहे. मिग-२१ तिथे बनली, नंतर सुखोई. १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथूनच नव्या ‘तेजस मार्क १-ए’ने झेप घेतली. अभिमान वाटावा अशा या जागा, पण कॅमेऱ्यासाठी नाहीत. मे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हवाई दलाच्या ताब्यातल्या विमानतळांवर प्रवाशांनी फोटो-व्हिडिओ काढू नयेत, असं पुन्हा बजावलं. तेव्हा पुण्याहून विमानाने निघताना खिडकीतून धावपट्टीचा व्हिडिओ काढण्याचा मोह आपणही टाळलेलाच बरा.

मग करायचं काय?

मी ताईंना म्हटलं, “स्कूटीवरून पडेल म्हणून आपण मुलीला स्कूटी शिकवायची सोडतो का? हेल्मेट घालायला सांगतो. तसंच हे.” मग आम्ही तिघींनी मिळून काही नियम ठरवले. तुमच्याही घरात असा एखादा छंदिष्ट असेल तर उपयोगी पडतील.

पहिला नियम, लष्करी जागा, लढाऊ विमान, कुंपण, रडार यांचा फोटो नाही आणि नोंदही नाही. दुसरा, घराच्या गच्चीवरून उंच जाणारी प्रवासी विमानं बघायला हरकत नाही. पण गच्चीला कठडा हवा आणि दुर्बीण चुकूनही सूर्याकडे वळवायची नाही. तिसरा, विमानतळाजवळ जायचं झालं तर घरातलं मोठं माणूस बरोबर, ओळखपत्र जवळ, आणि पोलिसांनी ‘थांबा’ म्हटलं की वाद न घालता थांबायचं. चौथा, विमानांचं वायरलेसवरचं बोलणं ऐकणारं यंत्र परवान्याशिवाय घ्यायचं नाही. पाचवा, विमानाच्या झोताच्या वाटेत कधी उभं राहायचं नाही. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट मार्टिन बेटावर लोक मजा म्हणून धावपट्टीच्या कुंपणाला लटकतात. तिथे जुलै २०१७ मध्ये इंजिनाच्या झोताने फेकली जाऊन एका न्यूझीलंडच्या बाईचा जीव गेला.

फोटोंचीच हौस असेल तर मोकळेपणाने काढता येतील अशा जागाही आहेत. बंगळुरूजवळ येलहंका इथे १९९६ पासून दर दोन वर्षांनी ‘एरो इंडिया’ भरतं. हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ पथकाच्या कसरती जाहीरपणे होतात. परदेशात तर मँचेस्टर विमानतळाने खास बाग केली आहे, तिथे जुनं काँकॉर्डही ठेवलंय. म्युनिकला विमानतळाशेजारी बघ्यांसाठी टेकडी आहे. आपल्याकडच्या नव्या विमानतळांनीही अशी एखादी सुरक्षित जागा दिली तर मुलं भिंतींवर चढणार नाहीत!

महागडा कॅमेरा लगेच घ्यायची गरज नाही. वही, पेन आणि साधी दुर्बीण पुरते. फोटो काढायचेच तर सकाळी किंवा उन्हं कलल्यावर, सूर्य पाठीशी ठेवून. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि चित्र लहरींसारखं येतं. पंख्याचं विमान असेल तर शटरचा वेग थोडा कमी ठेवायचा, नाहीतर पंखा थांबल्यासारखा दिसतो. ही टीप अर्थात त्याच मुलीची.

वही आता कपाटाबाहेर आली आहे. नियमांचं पान पहिल्याच पानावर चिकटवलंय. कुरडया वाळत घालताना ताईसुद्धा मान वर करून विचारतात, “हे गं कुठलं?”

नोव्हेंबर १९८५ मध्ये आपल्या सौदामिनी देशमुख यांनी कोलकात्याहून सिलचरला फोकर विमान नेलं, तेव्हा सहवैमानिक निवेदिता भसीन होत्या आणि सगळा कर्मचारीवर्ग महिलांचा होता. आज भारतातल्या वैमानिकांमध्ये सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत, असं सरकार सांगतं, आणि जगाच्या सरासरीपेक्षा हे प्रमाण खूप जास्त आहे. छंद असलेली प्रत्येक मुलगी काही वैमानिक होणार नाही. कोणी हवाई वाहतूक नियंत्रक होईल, कोणी विमानाची दुरुस्ती शिकेल, कोणी हवामान खात्यात जाईल. कोणी यातलं काहीच होणार नाही, आणि तरी तिचे डोळे तीक्ष्ण आणि नोंदी नीटनेटक्या राहतील.

म्हणूनच मैत्रिणींनो, आपल्या लेकीचा एखादा छंद आपल्याला कळत नसेल, तर कुलूप शोधण्याआधी तिच्या शेजारी बसून एकदा वही उघडून बघा. भीती वाटली तर नियम घाला, माहिती मिळवा, जाणत्या माणसाला विचारा. मुलींना ‘खाली मान घालून चाल’ असं सांगण्यात आपल्या कितीतरी पिढ्या गेल्या. एखादी आपणहून वर बघत असेल, तर तिला बघू द्या की!