मॅग व्हीलचा जीर्णोद्धार

सुरत–भुसावळ रेल्वेमार्ग अमळनेर, धरणगाव, जळगाव ही स्थानके घेत तापीच्या दक्षिणेकडून निघून गेला, आणि सातपुड्याच्या पायथ्याचे चोपडा नदीच्या उत्तरेस केवळ रस्त्याच्या भरवशावर राहिले. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता गावातून जातो. पूर्वेस यावल-रावेरचा केळीचा मुलूख लागतो आणि पश्चिमेस शिरपूरला मुंबई–आग्रा महामार्ग भेटतो. अशा गावी चाकाचे हुन्नर पोसले जावे हे ओघानेच आले. लाकडी चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढवणाऱ्या लोहाराची जागा पंक्चरवाल्याने घेतली, आणि आता त्या पंक्चरवाल्यापुढे व गाडी रंगवणाऱ्या पेंटरपुढे एक नवे, नाजूक प्रकृतीचे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. ते म्हणजे फोड आलेले, काळवंडलेले, कडेने पांढरी भुकटी झडणारे अॅल्युमिनियमचे चाक, म्हणजेच मॅग व्हील.

अॅल्युमिनियम गंजत नाही, हा आपल्याकडचा जुना समज जर्मनच्या पातेल्यांनी रूढ केला आणि तो निम्माच खरा आहे. हवा लागताच या धातूवर त्याच्याच ऑक्साइडचा, मिलीमीटरच्या लाखाव्या हिश्श्याहूनही पातळ असा पापुद्रा धरतो आणि तोच त्याचे कवच होतो. लोखंडाचा गंज पोपडे धरून गळतो व आतले लोखंड पुन्हा उघडे पाडतो, तसे येथे होत नाही. परंतु क्षाराचे पाणी, आम्ल आणि अल्कली या तिघांपुढे ते कवच टिकत नाही. त्यातून पोलादी हबला टेकलेल्या अॅल्युमिनियममध्ये ओल शिरली की दोन धातूंमध्ये विद्युत्घटासारखी क्रिया सुरू होते आणि तिच्यात झिजतो तो अॅल्युमिनियमच. चाकाच्या काठावर ठोकलेल्या बॅलन्सिंगच्या लोखंडी वजनाखालीही हेच घडते. वरचे पारदर्शक लॅकर दगडाने टिचले, तर त्या फटीतून शिरलेली ओल लॅकरच्या खालून दोऱ्यासारख्या नागमोडी रेषा काढत सरकते. वरून काच शाबूत आणि आत धातू पोखरलेला, अशी ती अवस्था असते.

खानदेशची हवा कोरडी, समुद्र दूर, मग हा रोग येथे आला कोठून? सुरतेकडून अगर मुंबईकडून जुन्या घेतलेल्या गाड्या तो सोबत आणतात हे एक कारण आहेच. पण माझ्या समजुतीप्रमाणे घरची कारणेही कमी नाहीत. केळीला पोटॅश लागते, आणि म्युरेट ऑफ पोटॅश हे रसायनदृष्ट्या क्लोराइड आहे. पोती वाहून नेणाऱ्या जीपच्या चाकावर बसलेली त्याची धूळ पहिल्या पावसात ओली झाली, की तिचे काम मिठाच्या पाण्याहून वेगळे राहत नाही. बांधकामावरचा ओला सिमेंट-चुना अल्कलीने धातू खातो. आणि सर्वांत मोठा अपराधी म्हणजे गाडी चटकन उजळावी म्हणून चाकावर मारलेले अॅसिड! त्या घटकेला चाक चांदीसारखे दिसते आणि मालक धुणाऱ्याला वर बक्षिशी देतो.

दुरुस्तीचे खरे काम डोळ्यांना दिसणाऱ्या दर्शनी भागावर नसून टायरची कड जेथे रिमवर दाबून बसते त्या अरुंद पट्टीवर असते. ट्यूबलेस टायरची हवा अडवणारी ती मुख्य सीमा. तेथे भुकटी धरली की हवा रोज थोडी थोडी उतरते, मालक पंक्चर शोधत फिरतो आणि पंक्चर कोठेच नसते. टायर उतरवल्यावर जाणता कारागीर प्रथम ओल्या फडक्याने ही पट्टी पुसतो, मग अंगठा फिरवून खड्ड्यांची खोली अजमावतो, आणि पॉलिश पेपर घेऊन वर्तुळाच्या दिशेने, धातूचा स्वच्छ करडा रंग दिसेपर्यंत घासतो. लोखंडी तारेचा ब्रश तो हाती धरत नाही, कारण त्या ब्रशाचे सूक्ष्म कण अॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि नव्या रंगाखाली नव्या गंजाचे बीज होतात. वाळूचा मारा करायचा, तर तोही पूर्वी लोखंडावर वापरलेल्या मालाने करू नये हा त्याच नियमाचा दुसरा भाग. जुना रंग काढण्यास कॉस्टिक सोडा वापरणे तर शुद्ध अडाणीपणा. सोडा रंगाबरोबर चाकही खातो आणि वर हायड्रोजनचे बुडबुडे काढतो.

घासलेला धातू फार वेळ उघडा ठेवून चालत नाही. थिनरने पुसून, हाताचा घामटपणा न लागू देता त्यावर अॅल्युमिनियमला धरणारा प्रायमर द्यावा लागतो. दर्शनी भागावरचे ओरखडे लांबीने बुजवता येतात, परंतु टायरच्या बैठकीत लांबी भरणे म्हणजे गळतीला मुदत देणे होय. कल्हईवाला आधी भांड्याचा तळ घासून नवसागराने निर्मळ करी, मग कथील फिरवी. कल्हई धरली ती त्या घासण्यामुळे. येथेही तसेच आहे, आणि गिऱ्हाईक मात्र पैसे देते ते वरच्या चकाकीचे.

या सुबक कामाच्या कक्षेबाहेरचा एक प्रश्न ताकदीचा आहे आणि तेथे माझे मत कठोर आहे. शिक्रापूरच्या एन्केईसारख्या कारखान्यांत ही चाके ओतली जातात. या ओतीव चाकांच्या मिश्रधातूत साधारणपणे सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अल्पसे मॅग्नेशियम असते, आणि ओतल्यानंतर प्रथम ५०० अंशांच्या वर तापवून, पाण्यात विझवून, मग दीडशे अंशांच्या आसपास कित्येक तास ठेवून त्यास बळ आणले जाते. रस्त्यावरच्या खड्ड्याने वाकलेली कड गॅसच्या ज्योतीने लाल होण्याची वाट पाहत सरळ करणारा मनुष्य हे सारे कमावलेले बळ घटकाभरात उतरवतो. शिवाय अॅल्युमिनियम लाल होतच नाही, आणि चाकाचा हा मिश्रधातू तर शुद्ध अॅल्युमिनियमच्या ६६० अंशांच्याही आधीच एकदम ढासळतो. पावडर कोटिंगची भट्टीदेखील दोनशे अंशांपर्यंत जाते, तेव्हा तेथे घड्याळ पाहून काम करावे. आऱ्यास तडा गेलेले चाक वेल्डिंग करून परत चढवण्यास जो कारागीर नकार देतो, त्याचा एक व्यवहार बुडतो हे खरे, पण मी माझी गाडी त्याच्याकडेच नेईन.

लेथवर तासलेल्या झगमगीत चाकांचे मात्र तालुक्याच्या गावी निभावणे अवघड. त्यांची पृष्ठरेखा संगणकाने मोजून पुन्हा तासावी लागते आणि प्रत्येक तासणीत थोडा धातू कायमचा जातो, म्हणून अशी दुरुस्ती एका चाकावर वारंवार होऊ शकत नाही. साधा रंग देऊन गप्प बसावे हा सल्ला मालकांच्या पचनी पडत नाही. एत्तोरे बुगातीने १९२४ साली टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीस ओतीव अॅल्युमिनियमची चाके दिली ती वजन घटवण्यासाठी, पण आज चाक घेतात ते शोभेसाठी.

शेवटी टायर चढवून, कडेवर साबणाचे पाणी फिरवून बुडबुडा येतो का ते पाहिले जाते. हबचा गंज खरवडून तेथे ग्रीसचा पातळ हात दिला जातो, नटांच्या आट्यांना मात्र तो लागू दिला जात नाही. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून झाल्यावर मालकास सांगावे लागते की, पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर ते पुन्हा एकदा तपासून घ्या. मालक मान हलवतो आणि बहुधा येत नाही.