बाळाला नीट दिसतं ना? आपणच बघायचं!



आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी चौथीत असतानाची गोष्ट. शाळेत डोळे तपासायला पथक आलं. उजवा डोळा झाकून वाचायला सांगितलं, तर पोरीला तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही ओळखता येईना. घरचे चक्रावले. सुईत दोरा ओवणारी पोर, तिला दिसत नाही कसं? पण ती सगळं एकाच डोळ्यावर निभावत होती. तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "तीन-चार वर्षांची असताना आणली असती तर बरं झालं असतं."

असं का होतं? बाळ जन्मतं तेव्हा त्याला वीतभर अंतरावरचंच जरा बरं दिसतं, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा. पुढे मेंदू हळूहळू बघायला शिकतो. एका डोळ्याला मोठा नंबर असेल, तिरळेपणा किंवा मोतीबिंदू असेल, तर त्या डोळ्याकडून अंधुक चित्र येतं. मग मेंदू तो डोळा वापरायचंच सोडून देतो. याला 'आळशी डोळा' म्हणतात. मेंदूचं हे शिकणं मुख्यतः सात-आठ वर्षांपर्यंत चालतं. तोवर चष्मा दिला, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावली, तर आळशी डोळा कामाला लागतो. उशीर झाला की गुण कमी येतो.

घरी काय बघायचं?

- २ महिने: बाळ चेहऱ्याकडे टक लावून बघतं का? आपण हसलो की हसतं का?
- ३ ते ४ महिने: लाल चेंडू किंवा रंगीत फडकं समोरून हळू फिरवा. नजर मागोमाग जाते का? बांगड्या, खुळखुळा वाजू देऊ नका. नाहीतर बाळ आवाजाकडे वळतं आणि आपल्याला वाटतं, त्याला दिसलं.
- ६ महिने: समोरची वस्तू धरायला हात पुढे करतं का?
- १ वर्ष: खाली पडलेला पोळीचा बारीक कण चिमटीत उचलतं का?

आणखी एक करा. खेळता खेळता बाळाचा एक डोळा तळहातानं, न दाबता झाका. मग दुसरा झाका. एक डोळा झाकल्यावर खुशाल खेळतं, पण दुसरा झाकला की रडतं, हात ढकलतं, असं दर वेळी झालं तर तपासणी करून घ्या. ज्या डोळ्यावर हात ठेवू देत नाही, तोच त्याचा चांगला डोळा असू शकतो.

डॉक्टर कसं तपासतात?

"बाळाला वाचता येत नाही, मग नंबर कसा कळणार?" असं वाटतं ना? तान्ह्या बाळापुढे एका बाजूला पट्ट्या आणि दुसऱ्या बाजूला कोरा करडा रंग असलेलं कार्ड धरतात. दिसत असेल तर बाळ पट्ट्यांकडेच बघतं. पट्ट्या बारीक बारीक करत नेल्या की नजर किती तेज आहे ते कळतं. तीन वर्षांच्या आसपास घर, सफरचंद अशी चित्रं दाखवतात. थोड्या मोठ्या मुलांना इंग्रजी 'ई' चं तोंड कुठे आहे ते हातानं दाखवायला सांगतात. कागदावर ६/१८ लिहिलं, तर चांगल्या नजरेला जे १८ मीटरवरून दिसतं, त्यासाठी आपल्या मुलाला ६ मीटरवर यावं लागतं. प्रत्येक डोळा वेगळा तपासला का, हे मात्र जरूर विचारा.

इथे थांबायचं नाही

- बुबुळाच्या मधोमध किंवा मोबाईलच्या फोटोत पांढरी चमक दिसली, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा. मोतीबिंदू असू शकतो, कधी डोळ्यातली गाठही असते.
- चार-सहा महिन्यांनंतरही डोळा तिरळा दिसतो, बुबुळं सारखी हलतात, उजेड सहन होत नाही किंवा डोळा वाजवीपेक्षा मोठा वाटतो.
- बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं किंवा वजन २ किलोपेक्षा कमी होतं, तर ३० दिवसांच्या आत डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा लागतो. फार लवकर जन्मलेल्या बाळाचा त्याही आधी.

"तिरळेपणा नशीबवान असतो", "मोठा झाला की सुटेल" असं घरातली वडीलधारी माणसं म्हणतील. त्यांचा मान ठेवा, पण तपासणी टाळू नका.

कुठे जायचं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. तपासणी मोफत असते. तारीख अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारून ठेवा. त्या दिवशी मजुरी बुडाली तरी मूल घरी ठेवू नका. जिल्हा रुग्णालयात जायला सांगितलं आणि गाडीभाड्याची अडचण असेल, तर गटात बोला. अंतर्गत कर्ज अशाच वेळी कामाला यायचं.

पुढच्या बैठकीत हप्ते झाले की पाच मिनिटं काढा. कोणाकोणाच्या घरी सहा वर्षांखालचं मूल आहे आणि कोणाचे डोळे तपासायचे राहिलेत, ते प्रोसिडिंगमध्ये लिहा. बाळ सांगणार नाही, बायांनो. आपणच बघायचं.