व्यायामोत्तर निद्रानाश

तीव्र अथवा दीर्घकाळ केलेल्या शारीरिक श्रमानंतर शरीर थकलेले असूनही झोप उशिरा लागणे, ती वारंवार मोडणे किंवा पहाटे जाग येऊन पुन्हा न लागणे, या अवस्थेस व्यायामोत्तर निद्रानाश म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून शरीरक्रियांतील तात्पुरत्या बदलांचा परिणाम होय. लांब पल्ल्याचे धावपटू, रात्री प्रकाशझोतात सामने खेळणारे खेळाडू आणि दिवसभराचे काम आटोपून उशिरा व्यायाम करणारे नोकरदार यांच्यात ही तक्रार आढळते.

थकवा आणि झोप यांची गल्लत केल्याने या अवस्थेचा उलगडा होत नाही. थकवा ही स्नायूंची व ऊर्जासाठ्याची स्थिती आहे. झोप लागण्यासाठी मात्र मेंदूची जागृतावस्था ओसरावी लागते. स्नायू गळून गेले, तरी मेंदू जागृतच राहू शकतो.

कारणे : (१) तीव्र श्रमाच्या वेळी अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होऊन ॲड्रेनॅलीन व नॉरॲड्रेनॅलीन यांचे रक्तातील प्रमाण वाढते. श्रम थांबल्यानंतरही हृदयाचे ठोके पूर्ववत होण्यास काही काळ लागतो. कॉर्टिसॉल या हॉर्मोनाची पातळी एरवी रात्रीच्या पूर्वार्धात नीचतम असते. तीव्र व्यायामाने ती वाढते. (२) झोपेच्या सुमारास शरीराच्या अंतर्भागाचे तापमान उतरू लागते आणि ही उतरण झोप लागण्यास साहाय्यक ठरते. जोरदार व्यायामाने हे तापमान ३९° से. पर्यंत किंवा त्याहूनही वर जाते, त्यामुळे ही उतरण लांबणीवर पडते. (३) प्रखर कृत्रिम प्रकाशामुळे मेलॅटोनीन या हॉर्मोनाचे स्रवण दबते. (४) स्पर्धेतील मानसिक ताण, स्नायूंची वेदना, निर्जलीभवन व भूक यांनीही झोपमोड होते. नव्याने केलेल्या श्रमानंतरची स्नायुवेदना बहुधा २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते. (५) व्यायामापूर्वी घेतलेल्या कॉफीतील वा उत्तेजक पेयातील कॅफिनाचा निम्मा अंश सु. पाच तासांनंतरही शरीरात उरलेला असतो.

संशोधन : सी. एम. शापिरो व त्यांचे सहकारी यांनी ९२ किमी. अंतराच्या शर्यतीनंतर सहा धावपटूंच्या झोपेचे मापन केले (१९८१). त्यांच्या एकूण झोपेत व विशेषतः मंदतरंगी गाढ झोपेत वाढ झालेली आढळली. यावरून अतिश्रमाने झोप उडतेच असे नाही, हे स्पष्ट होते. संध्याकाळच्या व्यायामाविषयी झालेल्या प्रयोगांचा स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१८ मध्ये आढावा घेतला. त्यात अशा व्यायामाने झोप सामान्यतः बिघडत नाही, मात्र निजण्यापूर्वी एक तासाच्या आत संपलेला तीव्र व्यायाम बाधक ठरू शकतो, असे दिसून आले. व्यक्तिपरत्वे यात बराच फरक पडतो.

उपाय : तीव्र व्यायाम व निजण्याची वेळ यांत दोनतीन तासांचे अंतर ठेवणे हा मुख्य उपाय होय. ते शक्य नसल्यास श्रमाची तीव्रता कमी करावी. व्यायाम एकदम न थांबवता हळूहळू चालून व संथ श्वसन करून नाडी खाली आणावी. निजण्यापूर्वी तास-दोन तास कोमट पाण्याने स्नान केल्यास त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावून अंतर्भागातील उष्णता बाहेर पडते. घामावाटे गेलेले पाणी लगेच भरून काढावे. ऐन झोपेच्या वेळी ते फार पिऊ नये. जेवण हलके पण पिष्टमय पदार्थांनी युक्त असावे. दिवे मंद व खोली थंड असावी. मद्याने झोप लवकर लागली, तरी उत्तररात्री ती मोडते. झोपेची औषधे वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

एखाददुसऱ्या रात्रीच्या अशा जागरणाने निरोगी व्यक्तीस अपाय होत नाही आणि त्यापायी व्यायाम सोडणे इष्ट नव्हे. कारण नियमित मध्यम व्यायामाने झोप सुधारते. परंतु निद्रानाश आठवडे टिकला आणि त्यासोबत कार्यक्षमता घटणे, सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद असणे, चिडचिड वा वजनातील घट आढळली, तर अतिप्रशिक्षणाची शंका घ्यावी. अशा वेळी सराव वाढवल्यास हानी वाढते. विश्रांती हाच त्यावरील प्रमुख उपचार होय. छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा ठोके अनियमित होणे ही लक्षणे दिसताच वैद्यकीय तपासणी विनाविलंब करून घ्यावी.