भाव सांगण्याआधी दोन शब्द: गिऱ्हाइकाशी काय बोलायचं आणि कुठं थांबायचं



गिऱ्हाईक दुकानात आलं की तुमचं पहिलं वाक्य काय असतं? "बोला, काय पाहिजे?" बरोबर ना? त्यात चूक काहीच नाही. पण त्याआधी दोन शब्द बोलले तर काय होतं, आणि चुकीचे बोलले तर काय होतं, ते आज बघू. दुसरं मी स्वतः भोगलंय, म्हणून आधी तेच सांगतो.

नवीन जालन्यात माझं पाइप-फिटिंगचं छोटं दुकान होतं. अंबडकडचे एक मोसंबी बागायतदार काका माझे कायमचे गिऱ्हाईक. एकदा पोळ्याच्या सुमारास आले. मी चार लोकांसमोर हसत म्हणालो, "काय काका, यंदा मोसंबीवाले नवीन गाडीच काढणार वाटतं!" काका कसनुसं हसले, सामान घेतलं, पैसे दिले आणि गेले. परत आले नाहीत. नंतर कळलं, त्या वर्षी फळगळीनं त्यांची बाग निम्मी रिकामी केली होती. माझा माल चांगला होता, भाव रास्त होता. गिऱ्हाईक गेलं ते एका विनोदानं.

मी काय म्हणायला हवं होतं? "काका, बाग कशी आहे यंदा?" बस, एवढंच. प्रश्न विचारला की समोरच्याला हवं तेवढं सांगता येतं. मी आधीच ठरवून टाकलं की त्यांचं चांगलं चाललंय.

आपल्या जालन्यात विश्वासाचा धंदा नवा नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको सुरू केली ती इथंच. पुढं १९९८ साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइज मिळालं. आता विचार करा, बियाणं घेताना शेतकऱ्याला पीक दिसतं का? पैसे आज जातात, खरं-खोटं दोन-चार महिन्यांनी कळतं. मग तो विक्रेत्याकडं बघतो, त्याचं बोलणं ऐकतो. तुमचं पाइपचं दुकान असो, शिलाईचं की मेसचं, नवीन गिऱ्हाईक तेच करतं.

आता तीन सवयी लावून घ्या.

पहिली: साधं विचारा. पाऊस, पेरणी, बाजारातली गर्दी, एसटी वेळेवर आली का. आडनावावरून खोदून विचारणं, मुलीचं लग्न, कर्ज, राजकारण, हे विषय गल्ल्यावर नकोत.

दुसरी: विनोद स्वतःवर करा. माझ्या ओळखीचे एक भांडीवाले आहेत. मावशींनी फारच घासाघीस केली की म्हणतात, "मावशी, याच्या खाली गेलो तर घरी गेल्यावर मलाच भांडी घासावी लागतील!" मावशी हसतात, भाव तिथंच थांबतो आणि कुणाचा अपमानही होत नाही. हेच ते "एवढ्यात परवडत नसेल तर राहू द्या" असं म्हणाले असते तर? गिऱ्हाइकाचे कपडे, गाव, बोली, खिसा यांवर विनोद कधीच नाही. ते हसले तरी नाही. लाजेनं हसणारा माणूस पुन्हा पायरी चढत नाही.

तिसरी: थांबायला शिका. गिऱ्हाईक सारखं घड्याळ बघतंय, पिशवी उचलतंय, "हं, हं" करतंय? मग त्याला गावाकडची गाडी गाठायची असेल, नाहीतर कारखान्यात ड्युटीवर जायचं असेल. सामान पटकन द्या. अशा वेळी हात चालवणं हीच नम्रता.

आणि हो, विचारलं तर उत्तर ऐका. एक डोळा मोबाइलवर ठेवून "बाकी काय म्हणता?" असं विचारण्यापेक्षा न विचारलेलं बरं. काका म्हणाले, "नातू दवाखान्यात आहे," तर पुढच्या वेळी पहिलं वाक्य ठरलं: "नातू बरा आहे ना आता?" लक्षात राहत नसेल तर रात्री वहीत एक ओळ लिहून ठेवा. पण विचारताना आवाज हळू, बाकीच्यांना ऐकवू नका.

"जालना सोने का पालना" असं आपण अभिमानानं म्हणतो. पण तुमच्या शेजारच्या दुकानातही तोच माल आहे, जवळपास त्याच भावात. गिऱ्हाइकानं तुमचीच पायरी का चढावी?

आजचा गृहपाठ: उद्या येणाऱ्या पहिल्या पाच गिऱ्हाइकांना भाव सांगण्याआधी एक साधा प्रश्न विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. विक्रीचं नंतर बघू. त्या काकांना मात्र तो प्रश्न विचारायचा माझा राहूनच गेला.

भेटू पुढच्या व्हिडिओत!