समाजमाध्यमांचा त्याग आणि समूहाचे बंधन

एखादे समाजमाध्यम अविश्वसनीय वाटू लागले, तर ते टाकून दुसरे स्वीकारावे, इतका हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. व्यवहारात तसे घडत नाही. पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या गावाचा विचार केला म्हणजे याचे कारण ध्यानात येते. शाळेच्या सूचना, खत-बियाण्यांच्या दुकानदाराचे निरोप, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामानविषयक सल्ला, पुण्यास गेलेल्या मुलाची खुशाली, सोयरिकीची बोलणी हे सारे जर व्हॉट्सॲपवरूनच चालत असेल, तर ते सोडणारा मनुष्य केवळ एक साधन सोडीत नाही. तो पाचसहा समूहांतून एकदम बाहेर पडतो. त्यांतील एखादा समूह त्याच्यामागून नव्या ठिकाणी येईल म्हणावे, तर त्यातील प्रत्येक जण आणखी निराळ्याच चार समूहांशी बांधलेला असतो.

२०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने गोपनीयतेच्या नव्या अटी जाहीर केल्या, तेव्हा पुष्कळांनी सिग्नल व टेलिग्राम घेतले; तथापि व्हॉट्सॲपचे प्राबल्य ढळले नाही. त्या अटी ‘मान्य करा अथवा सोडा’ अशा स्वरूपाच्या असल्याचे ठरवून भारतीय स्पर्धा आयोगाने २०२४ च्या नोव्हेंबरात मेटा कंपनीस २१३.१४ कोटी रुपये दंड केला. सोडण्याची मुभा कागदोपत्री होतीच. तिचा उपयोग करणे मात्र एकट्याच्या हाती नव्हते. २०२० मध्ये निघालेले ‘कू’ हे ट्विटरच्या धर्तीचे माध्यम तर मराठीसह अनेक भारतीय भाषांत होते, तरी जुलै २०२४ मध्ये ते बंद पडले. भांडवलाची चणचण हे त्याचे एक कारण खरे. पण स्वभाषेची सोय असली म्हणून श्रोते आपोआप जमतात, ही समजूत भाषेच्या अभ्यासकांनी तरी बाळगू नये.

भाषाव्यवहाराचा अनुभव याहून निराळा नाही. निजामी राजवटीत मराठवाड्यातील बहुसंख्य लोकांच्या घरात मराठी होती, परंतु कचेरीत उर्दू. एखाद्या शेतकऱ्याने आपल्यापुरता उर्दूचा त्याग केला असता, तर त्याचेच काम अडले असते. १९४८ मध्ये ती राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे १९६४ च्या कायद्याने मराठी ही महाराष्ट्राची राजभाषा झाली. येथे अर्जदार एकेकटे बदलले नाहीत. कचेरी बदलली, आणि तिच्यासवे सर्वांना बदलता आले. जमिनीच्या कागदांत ‘खासरा पत्रक’ हा शब्द मागे उरला, त्याने कोणाचे अडले नाही.

याउलट दूरध्वनीचे पाहावे. २०११ च्या जानेवारीपासून क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. एका कंपनीचा ग्राहक दुसरीच्या ग्राहकाशी पूर्वीही बोलू शकत होता. त्यामुळे कंपनी सोडली तरी माणसे सुटत नाहीत. समाजमाध्यमांत नेमका हाच दुवा तुटलेला आहे. मॅस्टोडॉनसारख्या माध्यमांनी तो जोडला खरा, पण आपसांत. बलाढ्य माध्यमांतील मंडळी बहुधा त्या कुंपणापलीकडेच राहिली. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारपेठविषयक कायद्याने मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपवर हे बंधन आले की, अन्य निरोप-सेवांनी मागणी केल्यास त्यांच्याशी जोडणी द्यावी. भारतात तसे बंधन नाही. तेव्हा ताडकळसच्या शेतकऱ्याने दुसरे माध्यम घेतले, तरी पहिले त्याला ठेवावेच लागते.