एकविसावा पाहुणा

आमचा पुतण्या भंडाऱ्यास हिशेबतपासनीस आहे. त्याची कचेरी लहानच. पण संगणकांच्या बाबतींत ती एखाद्या जुन्या एकत्र कुटुंबासारखी आहे. विंडोजचे बारा संगणक, जुन्या यंत्रांवर लिनक्स घालून चालविलेले चार, धाकट्या भागीदाराच्या हौसेखातर घेतलेले दोन मॅक, एक स्कॅनर आणि दोघां भागीदारांचे दोन भ्रमणध्वनी, असा एकवीस जणांचा हा गोतावळा. सर्वांचे कागद मात्र एकाच ठिकाणीं, म्हणजे कोपऱ्यांतील विंडोजच्या एका साध्या संगणकावरील सामायिक फोल्डरांत.

सप्टेंबर महिना या धंद्यांत लगीनघाईचा. त्याच दिवसांत महालक्ष्म्यांसाठीं आम्ही भंडाऱ्यास गेलों असतां, कचेरींतील एका मुलीस कामावरून काढण्याचें घाटत असल्याचें कानावर आलें.

ही मुलगी पवनीहून एस. टी. नें येई व बहुधा सर्वांच्या मागून कचेरींत पोंचे. तिच्या टेबलावर लिनक्सचा संगणक. सकाळीं सामायिक फोल्डर उघडावयास जावें, तों जोडणी होत नाहीं एवढेंच मोघम उत्तर मिळे. तार बदलली, मग संगणक दुरुस्तीसाठीं नागपुरास धाडला. तेथून तो निर्दोष म्हणून परत आला. दुपारीं जेवणानंतर तेंच यंत्र बिनतक्रार चाले! तेव्हां ही मुलगी सकाळचें काम टाळण्यासाठीं सबबी सांगते, असा निष्कर्ष शहाण्यासुरत्या मंडळींनीं काढला. आम्हांसही तो पटला होता, हें कबूल केलें पाहिजे.

महालक्ष्म्यांच्या जेवणास आमच्या वहिनींनीं तिला बोलाविलें, आणि रात्र झाली म्हणून घरींच ठेवून घेतलें. दुसरे दिवशीं ती सर्वांच्या आधीं कचेरींत हजर झाली व तिचें फोल्डर क्षणांत उघडलें. त्या दिवशीं उशिरा आले ते एक जुने कारकून. त्यांचा संगणक विंडोजचा. त्यावर मात्र स्पष्ट ओळ उमटली: या संगणकास जितक्या जोडण्या स्वीकारतां येतात तितक्या झाल्या आहेत, आणखी होणार नाहीं.

दोष त्या मुलीचा नव्हता. तिच्या यंत्राचाही नव्हता. पंगतींत पाटच वीस होते, आणि ती रोज एकविसावी येत होती.

ही मर्यादा यंत्राच्या दुबळेपणामुळें येते असा आमचा समज होता, तो चुकीचा. ती परवान्याच्या कराराची आहे. २००१ सालच्या विंडोज एक्स. पी. च्या घरगुती आवृत्तींत पांच व व्यावसायिक आवृत्तींत दहा जोडण्यांची मुभा होती. २००९ च्या विंडोज ७ मध्यें ती वीस झाली, आणि विंडोज १० व ११ मध्यें वीसच राहिली. येणारा विंडोजचा आहे कीं मॅकचा, हें पाहिलें जात नाहीं. बिचारा स्कॅनरही एक पाट अडवून बसतो! यजमान संगणक पंधरा मिनिटें स्वस्थ बसलेल्यास आपण होऊन उठवितो खरा. पण ज्याची एखादी फाईल उघडी आहे त्यास उठवीत नाहीं. जेवणाच्या सुटींत लोक फाईली बंद करून जात, म्हणून त्या मुलीस दुपारीं जागा मिळे. यजमान संगणकावर ‘नेट सेशन’ ही आज्ञा दिली असती, तर कोण कोण बसलें आहे याची यादी पहिल्याच दिवशीं दिसली असती.

याहून अधिक पाट हवे असल्यास विंडोजची सर्व्हर आवृत्ति मिळते. परंतु तिच्यासाठीं माणशीं किंवा यंत्रामागें निराळा परवाना घ्यावा लागतो. लहान कचेरीस तो खर्च जड. मधें दुसरें यंत्र घालून सर्वांस त्याच्या एका जोडणींतून आंत नेण्याची युक्ति कोणीं सुचविली. पण करारांत मोजले जातात ते मागचे सर्वच, तेव्हां ती चोरवाट ठरली असती.

अखेर उपयोगीं पडला तो सांबा. हा आपला सांब सदाशिव नव्हे! ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथें शिकत असतां अँड्र्यू ट्रिजेल यांनीं १९९१ सालाच्या अखेरीस हा प्रोग्राम लिहिण्यास घेतला. विंडोज ज्या भाषेंत फाईली देते-घेते तिचें नांव एस. एम. बी.; हीं तीन अक्षरें असलेला शब्द शोधतां शोधतां त्यांना हें नांव सांपडलें. तो फुकट मिळतो, लिनक्सवर चालतो, आणि आपण होऊन घातल्याखेरीज त्यांत जोडण्यांची मर्यादा नसते. यंत्राची ताकद हीच काय ती मर्यादा.

अडगळींतील एक जुना संगणक पुसूनपासून त्यावर लिनक्स व सांबा घातले, नवी डिस्क बसविली. जुन्या यंत्राचा भरंवसा काय, म्हणून रोज सायंकाळीं सर्व कागदांची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर घेण्याचें काम ठरविलें. तें त्या मुलीकडेच आहे. पुतण्यानें तिची क्षमा मागितली ती चारचौघांत, कारण बोल लावला होता तोही चारचौघांतच. पवनीची एस. टी. अद्याप उशिराच येते.