संगणकावरील खेळ आणि त्यांचीं कुलुपें

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत, गोदेच्या कांठीं, महानुभावांचें पांचाळेश्वर हें क्षेत्र आहे. या पंथानें चौदाव्या शतकांत आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत उतरून ठेवण्याची प्रथा पाडली. 'सकळ' ही त्यांतील प्रमुख लिपि. नित्याच्या अक्षराऐवजीं दुसरेंच चिन्ह योजावयाचें, एवढीच तिची युक्ति. पण पोथी परक्याच्या हातीं पडली तरी अर्थ पंथीयांपाशींच राही. ग्रंथांचें पावित्र्य त्यामुळें राखलें गेलें खरें; परंतु 'लीळाचरित्रा'सारखें आद्य मराठी गद्य शेंकडों वर्षें बाकीच्या महाराष्ट्राला अपरिचित राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं लिपीचा उलगडा केला, तेव्हां कोठें हें भांडार उघडलें.

संगणकावरील खेळांना आज जें कुलूप घालतात, व ज्यास 'डिजिटल राइट्स मॅनेजमेंट' असें भारदस्त नांव आहे, तें याच जातीचें. त्याची गरज मात्र नाकारतां येत नाहीं. पुस्तकाची नक्कल करावयास श्रम पडतात. संगणकाच्या आज्ञावलीची नक्कल क्षणांत होते आणि ती मुळाहून रतिभरही उणी नसते. वर्षानुवर्षें खपून रचलेला खेळ फुकट वांटला गेला, तर कर्त्यानें पोट कशावर भरावें?

प्रारंभींचीं कुलुपें साधीं होतीं. जॉर्डन मेकनर यांनीं १९८९ सालीं केलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ घ्या. त्याच्या डॉस आवृत्तींत पहिला टप्पा संपतांच अक्षरें लिहिलेल्या कुप्या समोर येत. खेळाबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंतील अमुक पानावरील अमुक शब्दाचें आद्याक्षर जिच्यावर असेल, तीच कुपी प्यावयाची. पुस्तिका नसलेला तेथेंच अडे. (पुस्तिकेचीही नक्कल होई, ती गोष्ट निराळी.)

पुढें किल्ली गिऱ्हाइकाच्या हातून कंपनीच्या हातीं गेली. यूबीसॉफ्ट कंपनीनें 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजीं बंद केले, आणि ज्यांनीं रोख पैसे मोजले होते त्यांच्याही घरीं तो चालेनासा झाला. याच कंपनीची २००८ मधील फजिती सांगण्यासारखी आहे. 'रेनबो सिक्स व्हेगास २' हा खेळ कांहींनीं चकतीवांचून, तारेवरूनच विकत घेतला होता. सुधारित आवृत्ति त्यांच्याकडेही चकती मागूं लागली. उपाय म्हणून कंपनीनें जी फाइल पुरविली, ती 'रीलोडेड' नामक कुलूपतोड्यांच्या टोळीनें केलेली निघाली! मालकानें आपलेंच घर चोराच्या किल्लीनें उघडावें, तसें झालें.

जुना खेळ नव्या साजांत पुन्हा काढावयाचा तर मूळ आज्ञावली फार उपयोगी पडते. मेकनर यांची हरवलेली आज्ञावली २०१२ सालीं त्यांच्या वडिलांना एका खोक्यांत सांपडली. चकत्या जुनाट, त्या वाचावयास जाणकार बोलवावे लागले. वाचतां येतांच मेकनर यांनीं ती सर्वांस खुली केली.

त्याच वर्षीं भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत दुरुस्ती झाली. हक्कभंगाच्या हेतूनें असें कुलूप तोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊं शकतो. रीतसर घेतलेल्या आज्ञावलीची प्रत, मूळ नष्ट होण्याच्या भयानें, करून ठेवण्याची मोकळीक कायद्यांत आहे. मात्र वैध कारणासाठीं दुसऱ्यास कुलूप काढून देणारानें त्याचें नांव, पत्ता व प्रयोजन यांची पुरी नोंद ठेविली पाहिजे.